पिंजऱ्यावरचं नाव

बाबा,

टॅक्सी आली, आम्ही निघतो. फ्रीजमध्ये दूध असताना तुम्ही दूध आणायला गेलात, तेव्हाच समजले, तुम्हाला निरोप टाळायचाय. रागावले नाही.

आईचा ढब्बू आज आपण होऊन पिंजऱ्यात शिरला. महिनाभर तुम्ही रांगत आत शिरून त्याला दाखवलंत, म्हणून तो माझ्याबरोबर विमानाने परदेशी येऊ शकतोय. "तुझं कुत्रं तूच बघ," असं आईला ऐकवणारे तुम्हीच ना? आई गेल्यावर तुम्हालाही तो सोबतीला हवा होता, बाबा. हे मी विसरणार नाही. मलम टेबलावर आहे, गुडघ्यांना लावा.

पिंजऱ्यावर मालक म्हणून तुम्ही सवयीने आईचं नाव लिहिलंत. विमानवाले अडवतील, म्हणून त्यावर माझ्या नावाचा कागद चिकटवलाय. खोडलं काहीच नाही. त्या कागदाखालून आईही येतेय आमच्याबरोबर.