गालांवरचं तेज

शनि., १२ डिसेंबर १९३६
पाचवी पुजून झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, असं सगळे म्हणतात. खोलीला खिडकी एकच, तिच्यात बाबांच्या मागावरच्या तुटक्या सुताचे बोळे कोंबलेत. बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी. थंडी कडक आहे, कबूल. पण डोकं ठणकतंय. आईला म्हटलं, खिडकी उघड थोडी.
"काहून वं? वारा लागला म्हंजे जन्माचं दुखणं. आमी नाही का झालो बाळंत?"
झाल्यात बाई.

सोम., १४
उलटी झाली. हातापायांत जीव नाही. बाळ प्यायला उठत नाही. आत्या म्हणते, गुणाचं लेकरू, बिलकुल रडत नाही. गुणाचं कसलं! परवा घर डोक्यावर घेत होतं.
वर माझं कौतुक. "काय तेज आलं वं पोरीले! गाल पाह्य, ओठ पाह्य." तेजाला दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर! म्हणून आणखी कोळसे.
मला भीती वाटते. कशाची, ते

बुध., १६
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.
काल सकाळी दादा मेडिकल शाळेच्या होस्टेलातून धुण्याचे कपडे घेऊन आला. दारातूनच माझं तोंड पाहिलं आणि ओरडला. शेगडी उचलून अंगणात फेकली, बोळे उपसले, आम्हाला दोघांना उचलून बाहेर नेलं.
"अरे शिवतो काय! विटाळ आहे!" आई.
"मरून राहिली ते, दिसत नाही का तुले?"
पुढचं आठवत नाही. बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या म्हणे. मग रडलं. तेवढं मात्र ऐकू आलं.
दुपारी दादाने समजावलं. रक्तातले तांबडे कण म्हणजे इतवारी बाजारातले हमाल. छातीतून प्राणवायू उचलायचा, अंगभर पोचवायचा, परतीच्या खेपेला खराब हवा आणून टाकायची. कोंडलेल्या शेगडीचा वायू, त्याला वास ना रंग, हमालाच्या पाठीवर बसला की लवकर उतरत नाही. प्राणवायूला जागाच उरत नाही. आणि रक्त दिसतं उलट जास्तच लाल.
म्हणजे माझं ते तेज त्या वायूचं होतं. अगं आई गं.

शुक्र., १८
खिडकी उघडी. शेगडी अंगणात. आई माझ्याशी बोलत नाही, पण शाल दोनदा पांघरवून गेली.
दादाला विचारलं, बाळाच्या डोक्याला काही झालं नाही ना? "मोठं होईल तसं कळेल." खोटं तरी बोलायचं होतंस, मेल्या.
प्यायला आज चांगलं. मग झोपलं. माझाही डोळा लागला. जागी झाले तर आई बाळापाशी बसलेली, आज पहिल्यांदा हसत.
"पाह्य वं, कसे गुलाबी गाल झाले."
खोली उबदार लागतेय. उन्हाने असेल.
खिडकीकडे पाठ आहे माझी. उठून पाहते.