खांबाचा डावा हात

३ मार्च

पत्रिका आली! जाडजूड कागद, सोनेरी कड. बस डेपोच्या जुन्या मैदानावर बास्केटबॉलचं नवं सभागृह बांधलंय ना, त्याला बाणाचं, त्या नावाजलेल्या खेळाडूचं, नाव देणार. दारात बाणाचा पुतळा. आणि आमचा खांब्या 'विशेष निमंत्रित'. पुढच्या रांगेत बसा म्हणे. म्हणजे इमारत त्याची, खुर्ची आमची. तीही कार्यक्रम संपेपर्यंतच!

मोठ्यानं वाचून दाखवली. खांब्या, माझा धाकटा भाऊ, पलंगावर पडून छताकडे बघत होता. पलंग त्याला आखूडच. पायाशी स्टूल लावलंय, त्यावर टाचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, चहा टाकतेस का?"

माझ्या अंगाचा तिळपापड, आणि ह्याला चहा!

टाकला. साखर जास्त पडली. रागात माझा हात सुटतो.

५ मार्च

ज्या मैदानावर ते सभागृह उभं राहिलं ते मैदान कुणी केलं? ह्यानं! दिवसभर बसच्या पोटाखाली पाना घेऊन पडलेला असायचा, आणि पाळी संपली की तसाच काळ्या हातांनी तिथे. भंगारातल्या लोखंडाची रिंग त्यानंच वाकवून जोडली. रेघा त्यानंच मारल्या. खेळणं सुटल्यावर डेपोतल्यांची पोरं त्यानं तिथेच तयार केली. पुतळा मात्र ज्यानं तिथे कधी झाडू मारला नाही त्याचा.

बाण बँकेच्या संघात, हा डेपोच्या. गोरा, देखणा, उंच उडायचा. शर्टाची घडी मोडायची नाही. मोडेल कशी, इस्त्री माझ्या दुकानातली! हो, त्याचेही कपडे माझ्याकडेच यायचे. कडक करून द्यायचे. धंद्यात दुजाभाव नाही. पण सामन्यात त्यानं बास्केट मारली की सगळं मैदान टाळ्या वाजवायचं, तेव्हा मी हात शालीत घालून बसायचे. एकदाही वाजवली नाही. थंडी असो नसो, शाल न्यायचेच.

'बाण' आणि 'खांब' ही नावं लोकांनीच ठेवलेली. बाण सुटतो, खांब उभा असतो. संपलं! हा खांब बाणाला अडवायचा, दुसऱ्याला चेंडू द्यायचा, पडलेल्याला उचलायचा. असल्या गोष्टींना कोण टाळ्या देतो?

मी शाळेत गेले नाही. इस्त्रीचे कपडे ज्या रद्दीत गुंडाळायचे त्यातच ह्याचं नाव शोधता शोधता अक्षरं लागली. आणि दर वेळी आधी बाणाचं नाव वाचावं लागे. 'ब' मला 'ख'च्या आधी यायला लागला, तो असा.

६ मार्च

त्याचा खोकला वाढलाय. बाकी काही नाही.

९ मार्च

समितीला प्रदर्शनासाठी जुना फोटो हवा होता. संयुक्त संघातला, त्यात बाण आणि खांब्या एकाच रंगाच्या शर्टात शेजारी उभे आहेत. त्यांची तशी ती एकच वेळ. फोटो शिल्पकाराच्या शेडवर नेऊन द्यायचा होता. भाची, खांब्याची लेक, म्हणाली, मी नेते. मी म्हटलं, मीही येते.

"आत्या, तिथे भांडायचं नाही हं."

"मी कधी भांडते गं?"

"श्वास घेतेस तेव्हा."

बापाची जीभ आली नाही हिला, माझी आली.

शेडमध्ये सगळीकडे ओल्या मातीचा वास. शिल्पकाराच्या दाढीतही माती. पुतळा ओल्या फडक्यांत गुंडाळलेला. बघू का म्हटलं, तर तो आधी का-कू करायला लागला. मग भाचीनं गोड बोलून फडकी काढायला लावली.

चेहरा बाणाचा. झकास जमलाय, खोटं कशाला बोलू. तेच नाक, तोच तोरा.

आणि हात — डावा!

बाण उजव्या हाताचा. सगळ्या जगाला ठाऊक. आणि चेंडू नुसता डाव्या हातात नाही, पार कानामागून येतोय. कानामागून चेंडू टाकणारा मी आयुष्यात एकच बघितलाय. प्रशिक्षक ओरडायचे त्याच्यावर, "चेंडू टाकतोयस की कान खाजवतोयस?" खांदा तोच. वाकलेला गुडघा तोच. हे अंग मी लहानपणी न्हाऊ घातलंय, मला कोण फसवणार?

फक्त करंगळी सरळ. खांब्याची करंगळी एका सामन्यात मोडली होती. मी लाकडी चमच्याची दांडी लावून बांधली, ती तशीच बाहेर राहिली, बशीतून चहा पिताना राहते तशी. तेवढंच चुकलं चोरांचं.

"हा हात कुणाचा?" मी विचारलं.

"साहेबांचा," शिल्पकार म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"साहेब डावरे कधी झाले?"

"बाई, मी हातानं काम करतो. तोंडानं नाही." आणि फडकी गुंडाळायला लागला.

मी आणि गप्प! भाची सगळ्या वाटेनं माझ्याकडे बघत होती.

१० मार्च

त्याला सांगितलं. सांगणार नव्हते, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

तो हसला. किती दिवसांनी असा हसला! हसता हसता खोकल्याची उबळ आली, पाणी दिलं, पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागतात आता.

"कानामागून?"

"अगदी कानामागून."

"आणि करंगळी?"

"सरळ."

"मग ते जमलं नाही त्याला." डोळे मिटून घेतले, पण ओठांवर हसू तसंच. "ताई, कुणाला बोलू नकोस."

"का म्हणून? तुझा सामना नेला, तुझं मैदान नेलं, आता हातही नेला. आणि मी मूग गिळून बसू?"

"असू दे."

ह्याचं सगळं आयुष्य 'असू दे'. त्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही हेच! एका गुणानं मागे, वेळ संपत आलेली, चेंडू ह्याच्या हातात, समोर बाण. ह्यानं मारायचा ना! ह्यानं तो कोपऱ्यातल्या पोरगेल्या खेळाडूला दिला. त्यानं चुकवला. शिट्टी! बाणाला खांद्यावर घेऊन लोक रस्ताभर नाचले. घरी आल्यावर मी विचारलं, का दिलास? तर म्हणे, "मोकळा होता गं तो. मोकळ्याला द्यायचा असतो."

अजून लोक म्हणतात, खांब घाबरला.

१४ मार्च

ठरलं. समारंभात बोलणार. पडदा सरला की पुढच्या रांगेतून उठायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं — "हा हात माझ्या भावाचा आहे." एकच वाक्य. इस्त्रीच्या टेबलासमोर उभी राहून म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज बरा लागला.

भाचीला कळलं. घाबरली.

"आत्या, बाबांची शोभा होईल."

"आजवर कशानं नाही झाली? एकदा त्याच्या नावानं होऊ दे."

"त्यांनी नको म्हटलंय ना?"

"तो जेवायलाही नको म्हणतो. मग उपाशी ठेवायचं का?"

ती रागावून भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज जास्तच येत होता. पण मला तो जिवंत असताना हे व्हायला हवंय. त्याच्या कानांवर पडायला हवंय. नंतर म्हणून काय उपयोग?

१९ मार्च

काल त्याला दवाखान्यात हलवला. तिथला पलंगही आखूडच! परिचारिका म्हणाली, "एवढा माणूस आम्ही ठेवायचा कुठे?" बिचारीनं जोडून बाक लावून दिला.

आणि आज दुपारी दारात बाण!

काठी टेकत आला. केस पांढरे, पण शर्ट अजून कडक. इस्त्री मात्र कुठल्या तरी यंत्राची, घडी चुकीच्या जागी. मी खुर्ची दिली. पाणी विचारलं नाही. देवा, मी असंही वागू शकते.

"काय खांबा, आडवा का?" बाण म्हणाला.

"अडवायला कुणी उरलं नाही, मग झोपलो." खांब्याचा आवाज कापसासारखा, पण बोलला.

"तुझ्यामुळे माझे गुडघे गेले. मरणाचं पळवलंस."

"तू पळायचास, मी फक्त वाटेत उभा असायचो."

दोघं हसले. बाणानं काठीच्या मुठीवरून हात फिरवत विचारलं, "त्या दिवशी तू स्वतः मारला असतास तर मी आज कोण असतो रे?"

"मोकळा होता तो पोरगा."

"पण चुकवला त्यानं."

"म्हणून काय झालं? मोकळा तर होता." आणि मग, डोळे मिचकावून, "तुला नाही कळायचं. बाण पास देत नसतो."

मला वाटलं बाणाला झोंबेल. झोंबलं नाही. त्यानं मान हलवली. उठताना खांब्याचा डावा हात हातात घेतला आणि — मी बघत होते — ती वाकडी करंगळी किती वेळ निरखत बसला. बोटानं चाचपली. थोडी दुमडली, सोडली, पुन्हा बघितली. जणू माप घेतोय! माझं रक्त उसळलं. हात नेला, आता करंगळी राहिली होती ती बघून ठेवतोय!

खांब्यानं डोळे मिटले होते, हसत होता.

जाताना बाण मला म्हणाला, "ताई, येतो." मी खिडकीकडे बघत राहिले.

२४ मार्च

गेला. सकाळी. भाची खाली औषध आणायला गेली होती, मी त्याच्या पायांवर पांघरूण ओढत होते. ते पुरत नव्हतं.

२८ मार्च

घर माणसांनी भरलं होतं, आता रिकामं झालं. डेपोतले म्हातारे आले, ह्यानं शिकवलेली पोरं आली. कुणाचे केस गेलेत, कुणाला नातवंडं, तरी मला पोरंच. एकानं दारातच रडायला सुरुवात केली. कोपऱ्यात चेंडू चुकवला होता तोच. म्हणाला, "मला त्यानंतर एकदाही रागावून बोलले नाहीत हो. पुढच्या सामन्यात पहिला पास मलाच दिला." त्याला चहा केला. दोघं मिळून रडलो.

बाण आला होता. मागे उभा राहिला, गेला.

वर्तमानपत्र आज उघडलं. आतल्या पानावर छोटी बातमी — 'बाणाचे जुने प्रतिस्पर्धी कालवश'. मरणाच्या बातमीतही पहिलं नाव दुसऱ्याचं! तो कागद मी घडी घालून इस्त्रीखाली ठेवला. का ते माहीत नाही. वाईट कागदही चुरगळवत नाही माझ्यानं.

आता कुणाला 'असू दे' म्हणायचं नाही. बोलणारच.

८ एप्रिल

उद्या समारंभ. साडी काढून ठेवली. शाल काढून ठेवली. वाक्य पाठ आहे. भाची आता अडवत नाही, नुसती म्हणाली, "पाणी पिऊन जा, घसा कोरडा पडतो तुझा."

पलंगाच्या पायाशी ते स्टूल अजून तसंच आहे. हलवायला जीव होत नाही.

९ एप्रिल

पडदा सरला. मी उठले. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. वर बघितलं — डावा हात, कानामागून. आणि करंगळी बाहेर! वाकडी, माझ्या चमच्याच्या दांडीला राहिली होती तश्शी!

शेजारच्या खुर्चीवर शिल्पकार होता. माझा पदर ओढून हळूच म्हणाला, "बाई, मी उजवाच केला होता. साहेबांनी येऊन ओल्या मातीचा तो हात स्वतः उपटून काढला. म्हणाले, 'माझा चेहरा असल्याशिवाय ही माणसं काही उभं करायची नाहीत. चेहरा राहू दे, खेळ त्याचा कर.' नंतर दवाखान्यातून थेट शेडवर आले आणि करंगळी आपल्या हातानं वाकवली. कुणाला सांगायचं नाही म्हणून तंबी होती."

मागच्या रांगेतून डेपोतलं कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला खांब!" एकदम गलका. मंचावर बाण काठी टेकून उभा. कुणालाच काही सांगत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

खांब्या का हसत होता ते आत्ता कळलं. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाणानं पास दिला होता.

मी उभीच होते. शाल खाली पडली. तळहात अजून हुळहुळताहेत.