यादीखालची कोरी जागा

सोमवार, ४ तारीख

माझा हात थरथरतो म्हणे! चाळीस वर्षं शिंप्याकडे काजं केली या हातांनी. मालक म्हणायचा, तुमची काजं बघून गिऱ्हाईक कोट बघायचं विसरतं. आता तो मालकही नाही, कोटही नाहीत. असो.

झालं असं — नातीने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी कॉम्प्युटरवर पेशंटांची यादी बनवली. पोरीचं पहिलं स्वतःचं काम! नावावर माऊसने दोनदा दाबायचं, की त्याच्या औषधांचा कागद उघडतो. म्हणाली, आजी, तू वापरून बघ, तुला जमलं तर कंपाउंडरलाही जमेल. इतकं बरं वाटलं, ठेवणीतलं लुगडं नेसून बसले.

सातव्या नावाचा कागद उघडला, मिटला. मग यादीखाली पांढऱ्यावर दोनदा दाबलं. तिथे नावच नाही — तरी सातव्याचाच कागद पुन्हा वर! सांगितलं तर हसली. "आजी, हात हलला असेल गं तुझा, नावावर लागलं असेल."

मंगळवार

बोलत नाही तिच्याशी. चहा दिला, साखर कमी घातली.

बुधवार

मुलाला सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तू आपलं शिवण बघ." याची शाळेची चड्डी मीच शिवत होते! शुक्रवारी यादी दवाखान्यात जाणार. कंपाउंडर गडबडीत कोऱ्यावर दाबणार, आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात. नाव कुणाचं खराब होणार? पोरीचं. आणि मी म्हणे शिवण बघू!

गुरुवार

शिंप्याच्या खडूने कॉम्प्युटरच्या काचेवर फुली मारली, यादीखालच्या पांढऱ्यावर. नात ओरडत आली. म्हटलं, आधी बघ, मग ओरड. सातव्याचा कागद उघडून मिटला. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, बाण फुलीवर नेला, दोनदा दाबलं.

सातव्याचा कागद!

तिने स्वतः दाबून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजी, यादीवर दाबलं एवढंच त्याला कळतंय. नावावर दाबलं की कोऱ्यावर, ते बघायला मी सांगितलंच नाही. म्हणून आधी निवडलेलं नावच धरून बसतो."

म्हणजे कुणी बोलावलंय ते न बघताच 'ओ' देतो मेला! जेवायच्या आत दुरुस्त केलं तिने. मग मला मिठी. मुलगा ताटात बघत होता.

शुक्रवार

यादी गेली. जायच्या आधी मी कोऱ्यावर दहादा दाबलं. काही झालं नाही! काहीच न झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

शनिवार

हे फक्त इथे लिहिते. सोमवारी मी कोऱ्यावर दाबायला गेलेच नव्हते. शेवटच्या नावावर जायचं होतं, हात घसरला. आज सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारली. तिने दोरा ओवून दिला, मग माझा हात हातात धरून बघितला. परवा डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे मला — यादीत माझंही नाव चढेल.