गुलाबी खोली आणि समोरचा डोंगर

मी, उत्तरेश्वर रामेश्वर शेंडगे, वय एकाहत्तर, धंदा मंडप डेकोरेशन, राहणार वडवणी, जिल्हा बीड, माझ्यामागे काय कोणाचं ते राजीखुशीने लिहून ठेवतो. दम्याने छाती भरते, पण अक्कल जागेवर आहे.

१. राहतं घर माझी पत्नी सुभद्राबाई हिचं. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये.

२. पाइप, कनाती, हॅलोजन आणि धंद्याचं नाव मुलगा भागवत याला. नवरदेवाच्या खुर्चीमागे प्लास्टिकचा मोर लावणं त्याने बंद करावं, ही विनंती.

३. घरामागची पत्र्याची गुलाबी खोली. भागवतला ती पाडून गाळे काढायचे आहेत, म्हणून नीट लिहितो. जुन्या मंडपांचं गुलाबी कापड दुहेरी करून मी छताला आणि भिंतींना ताणलं, वरचा पत्रा कापून उजेड आत घेतला. तिथे निवांत बसलं की गुलाबी रंग हळूहळू दिसेनासा होतो. पहाटेच्या अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. मग बाहेरच्याने दार एका झटक्यात ओढायचं. गुलाबीला सरावलेल्या डोळ्यांना समोरचा बोडका डोंगर ऐन उन्हाळ्यात हिरवा दिसतो. थोडाच वेळ; मग आपला आहे तसा. आतल्याने स्वतः दार ढकललं तर फटीतून ऊन शिरतं आणि सगळं फसतं. त्यामुळे दार धरायला दुसरं माणूस लागतं. गावाला हिरवं दाखवलं, मी स्वतः कधी पाहिलं नाही. दार कोणीही धरलं असतं, पण मला सुभद्राच हवी होती. हट्ट म्हणा.

४. ती धरत नाही त्याचं कारण तिचा भाऊ आदिनाथ. त्याची मेंढरं आहेत. एका उन्हाळ्यात तो खोलीतून बाहेर आला, डोंगर बघितला आणि ओरडला, "लई चारा हाय बे! वळवा मेंढरं!" कळप धावत सुटला. पायथ्याला नुसते दगड. गाव हसलं, मीही हसलो. तेव्हापासून आदिनाथ आमच्या उंबऱ्याला आला नाही. सुभद्रा म्हणाली, "वाळलंय तर वाळलेलंच दावा. भुकेल्याला खोटं हिरवं दावू न्हाई." तिचं बरोबर आहे. तरीही खोलीवर माझा जीव आहे. मोठी ताडपत्री आदिनाथला द्यावी, पावसात कोकरं झाकायला.

५. खोली सुभद्राबाईला. ठेवायची की पाडायची हे तिने ठरवावं. भागवतने मध्ये बोलू नये.

६. हे कलम मागाहून घातलं आहे. साक्षीला आदिनाथला निरोप धाडला होता. येईल असं वाटलं नव्हतं. आला. त्याला सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "दाजी, लोक हसले ते जाऊ द्या. पर तेवढ्या घडीला मला लई बरं वाटलं व्हतं."

सुभद्रा ज्वारी निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"उठा. आत बसा. दार मी धरते."

"आधी सही करू दे."

"भाईर आल्यावर करा."

त्याप्रमाणे सही खोलीच्या दारातच, उभ्याने केली आहे. ती ओळ सोडून गेली आहे ती दम्यामुळे नाही. कागद मला हिरवा दिसत होता, आणि दार धरून ती समोर उभी होती.

सही: उत्तरेश्वर रामेश्वर शेंडगे

साक्षीदार:
१. आदिनाथ गाडे, मेहुणा (अंगठा)
२. शिवकन्या मुंडे, शेजारीण (सही)

ठिकाण: वडवणी
दिनांक: २१ एप्रिल २०२५