वळायचा ठोका

आबा, कसे आहात? तिकडं वर गेल्यावर खांदा दुखायचा थांबला का, ढोलाच्या पट्ट्याचा वळ गेला का? आईच्या गुडघ्यांना आराम आहे का? चुलत्यांचा दमा, आत्याचे डोळे? आणि सगळ्या कळपामागं राहणारी आपली ती लंगडी मेंढी तुमच्यासोबतच असेल, तिचा पाय कसा आहे? माझं विचाराल तर आता तिच्या जागी मीच आहे.

कंपवात झालाय मला. हात थरथरतो त्याचं एवढं नाही. घोडेगावातलं जळालेल्या पंपाच्या मोटारी पुन्हा बांधायचं दुकान मुलाकडं कधीच सोपवलंय. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. परवा चहाची कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी असाच खिळलो. सून म्हणाली, "मामा, आत या की." म्हटलं, "दार बघतोय." "दार काय नवं हाय व्हय?" ती हसली, मीही हसलो. चहा मात्र निवून गेला.

मंचरच्या दवाखान्यात एक पोरगी असल्या माणसांना संगीतावर चालवते. ती म्हणते, यानं आजार जात नाही, पण डोकं पायाला सांगायचं विसरलं की ताल सांगतो. मला पटेना. तिनं मोबाईलवर टकटक लावली, भजन लावलं, पाय ढिम्म. "आजोबा, लहानपणी कानावर पडलेलं काही आहे का?" नाही म्हणालो. पण माझा हात आपोआप मांडीवर वाजायला लागला आणि पाय सुटला, आबा. खोलीभर चाललो, कुणी धरलं नाही. बिरोबाच्या जत्रेत गजीच्या नाचाच्या रिंगणाला तुम्ही ढोलावर चालवायचा, तोच ठोका. पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली, "कुठली चाल ही?" आणि मी म्हणालो, "टीव्हीवरची असंल." शेजारच्या खुर्चीत शिनोलीचे एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर असतात, त्यांनाही हेच दुखणं. ते म्हणाले, "काय राव, टीव्हीवर कुठं असला ढोल वाजतो?"

तेव्हापासून घरात तसाच चालतो. रात्री झोपही लागते. पण भिंत आली की संपलं. वळताच येत नाही. परवा पोरगी म्हणाली, "आता वळा," आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा. ड्रायव्हर ओरडले, "रिव्हर्स गिअर न्हाई काय गाडीला?" घरी न्हाणीतून माझ्या बायकोला, तुमच्या सुनेला, मला दोन्ही खांदे धरून फिरवून आणावं लागतं. तिचाही गुडघा गेलाय. तिच्यापुढं माझी मान वर होत नाही. पोरगी म्हणते, ज्या तालानं पाय सुटला त्यातच वळायचा ठोका असेल, ती चाल ठाऊक असलेल्या कुणाला तरी विचारा.

आहेच की त्यात. मला दिसतंय सगळं. रुमाल उडवत माणसं गोल फिरतायत, तुम्ही मधेच ढोलावरच्या टिपरूचा ठोका बदलता आणि लोक सांगायचे तसं सगळं रिंगण एका पावलात उलटं वळतं. मी शाळेतल्या पोरांबरोबर भेळेच्या गाड्याशी, रिंगणाकडं पाठ करून, चोरून मागं बघत उभा आहे. घोंगडीचा वास असलेला तो ढोलवाला माझा बाप, हे त्यांना कळू नये म्हणून. चालायचा ठोका पाठ फिरवून उभ्या माझ्या कानातसुद्धा शिरला. पण वळायच्या आधी तुम्ही मान वर करून मला शोधायचा, यानंही रिंगणात यावं म्हणून. तुमची मान वर झाली की मी तिथून पळायचो. त्यामुळं पुढचा ठोका मी कधी ऐकलाच नाही. तुमच्या ढोलाचं चामडं उंदरांनी खाल्लं. दुसऱ्या वाड्यांवर अजून गजीचा नाच होतो, मुलानं त्यांचं वाजवणं मोबाईलवर आणून ऐकवलं, पण त्यांचा हात वेगळा. माझा पाय तुमच्याच हाताला ओळखतो.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? बायकोला वाटतंय, वीजबोर्डाला अर्ज लिहितोय. उद्या पुन्हा मंचरला जायचंय. चाल टीव्हीवरची नाही, माझ्या बापाची आहे, हे तिथं सगळ्यांसमोर सांगायचं रोज ठरवतो आणि जीभही पायासारखीच अडकते. म्हातारा झालो तरी लाज अजून त्या भेळेच्या गाड्याशीच उभी आहे.

तेवढा वळायचा ठोका लिहून पाठवा, आबा. जमेल तितक्या लवकर पाठवा. मी भिंतीकडं तोंड करून उभा आहे.