देवघरातली बॅटरी

आई, आज खंडेनवमी. सकाळी घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि निरांजन मात्र पार दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. सूनबाई हसली. तिला काय सांगणार? यामागचं कारण तुलाच ठाऊक.

वडवणीजवळच्या आपल्या घरात तेव्हा निम्मा दिवस लाइट नसायची. बाबांनी पत्र्यावर सोलरची प्लेट बसवून घेतली, खाली एक बॅटरी, आणि तिच्यावर चालणारे नव्या तऱ्हेचे एलईडीचे दिवे, एक दुकानात, एक तुझ्या चुलीपाशी. बसवणारा माणूस बजावून गेला होता की बॅटरी उघड्यावर ठेवा. चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो, तो कोंडला आणि जवळ आग आली तर स्फोट होईल. त्यानं ती ओसरीवरच ठेवली होती. तुला काही ते पटेना. जी घरात उजेड आणते ती चपलांशेजारी बसणार? त्याची पाठ वळली आणि तू बाबांकडून ती देवघराच्या कपाटात, देवांच्या खालच्या फळीवर ठेवून घेतलीस. मी कटकट केली. निदान दारं तरी उघडी ठेव म्हणाले, तर मांजर नैवेद्याला तोंड लावतं म्हणून तू ती घट्ट लावायचीस.

त्या खंडेनवमीला बाबा तराजूची पूजा उरकून काळीपिवळी जीपनं केजला माल आणायला गेलेत. भर उन्हाची वेळ. तू कपाट उघडतेस तसा आतून उग्र वास येतो, बॅटरीत बारीक बुडबुड चाललेली ऐकू येते. आणि तू पेटलेलं निरांजन तिच्याच डोक्यावर ठेवायला हात पुढे करतेस. मी धावले आणि फुंकर मारून ज्योत विझवली.

देवापुढचा दिवा तोंडानं फुंकू नये, हे मला कळत नव्हतं असं नाही. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू हळूच म्हणालीस, "तुजे बाबा रस्त्यावर हायत, आन् तू दिवा फुकला?"

असलं काही नसतं, घर उडालं असतं आत्ता, असं मी चिडून म्हणाले. बाबा दुपारी यायचे ते आले नाहीत. फोन होता तो फाट्यावरच्या एसटीडीत, पण केजला लावायचा कुणाला? चुलीवरची भाजी करपली तरी तू दारातून हलली नाहीस. दिवेलागणीला बाबा आले, जीप पंक्चर झाली म्हणून कुरकुरत. तू त्यांना पाण्याचा तांब्या दिलास आणि म्हणालीस, "ती बॅटरी आदी बाहीर न्या. देवाला बी भ्या वाटत आसंल."

बॅटरी ओसरीवर आली. चपला तेवढ्या तू दुसरीकडे हलवल्यास.

आज माझा पोरगा गाडी घेऊन परगावी गेलाय. निरांजन आपसूक शांत होईपर्यंत मी त्याच्यापाशी बसून होते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. त्या दुपारी मी सारखी घागर घेऊन पाण्याला म्हणून जात होते ना, तेव्हा हापशावर गेलेच नव्हते. फाट्यावर उभी राहून केजकडून येणारी एकेक जीप बघत होते. घागर दर वेळी रिकामीच आणली, आणि तू काही विचारलं नाहीस.