दोन नंबरच्या कॉम्प्रेसरची खबर

१५ सप्टेंबर
मरुदाचलम अण्णांना जाऊन महिना झाला. आमच्या सूतगिरणीतले सगळ्यात जुने फिटर. मोटरवर हात ठेवून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. मी दुःख करत बसलेलो नाही. मेन्टेनन्स इंजिनिअरला ते शोभत नाही. मॅनेजर गोमती मॅडम म्हणाल्या, नवा फिटर बघा. मी म्हटलं, गरज नाही. सेन्सर लावू.

१८ सप्टेंबर
दोन नंबरच्या कॉम्प्रेसरच्या मोटरवर सेन्सर बसवला. वायर नाही, बॅटरी नाही. मोटरची धग आत, बाहेरच्या पात्यांना थंड हवा, तेवढ्या फरकावर तो आपली वीज आपणच करतो. बेअरिंग बिघडू लागलं की फोनवर मेसेज. १० ऑक्टोबरपर्यंत बिघाडानं गिरणी थांबली नाही, तर अण्णांची जागा भरणार नाहीत. मॅडमचा शब्द.

२३ सप्टेंबर
दर पाच मिनिटांनी ‘ठीक’. बरं वाटतं. जेवताना फोन बघायचा नाही असं ठरवलं.
१:१० – बघितला. ठीक.

२६ सप्टेंबर
अण्णांची मुलगी पूंगोडी अर्ज घेऊन आली. आयटीआय झालेली. मी म्हटलं, जागा नाही. म्हणाली, "सर, अप्पा गेले तेव्हा जागाही घेऊन गेले का?" मी फोन बघितला. ठीक. कामात होतो.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
मशिनं धुतली, कोहळा फोडला. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू. सेन्सरही कामगारच. त्याला मी स्वतः गंध लावलं, सगळ्या पात्यांना, चांगलं जाड. वर झेंडूची माळ.

४ ऑक्टोबर
मशिनं परवा सुरू झाली, पण मेसेज नाही. तब्येत उत्तम असेल. निरोगी माणूस कुठे सारखा बोलतो? पूंगोडी वडिलांचं सामान न्यायला आली होती. जाता जाता मोटरला हात लावून म्हणाली, "सर, बेअरिंग रडतंय." मी म्हटलं, सेन्सर तर गप्प आहे. म्हणाली, "त्याच्या नाकातोंडात गंध भरलंय. बोलेल कसा?"
अण्णा इतकं बोलत नसत.

७ ऑक्टोबर, ११:२०
बेअरिंग जाम. कॉम्प्रेसर थांबला, हवेचा दाब गेला. गिरणी बंद. मॅडमनी पूंगोडीला बोलावून घेतलं. तिनं आधी माळ काढली, ओल्या फडक्यानं सेन्सर पुसला. मोटर अजून तापलेली होती. लगेच मेसेज आला, माझ्याही आणि मॅडमच्याही फोनवर: ‘बेअरिंगकडे लक्ष द्यावे.’ मी म्हटलं, बघा, अचूक सांगतो.

८ ऑक्टोबर
पूंगोडी रुजू झाली. कागद मलाच भरायचे होते. ‘कोणाच्या जागी’ असा एक रकाना असतो. तेवढं एक नाव लिहायला पाऊण तास लागला. पेन नीट चालत नव्हतं.